तार बघायचं बोट

९ जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. परवा मी ‘मशीन घेतलं’ म्हणालो तर तू शिलाईचं समजून हिचं अभिनंदन करून मोकळी झालीस. ही अजून हसतेय.

मशीन रक्तातली साखर मोजायचं आहे. तुझ्या भावाला बढती मिळालीय. सहा वर्षं नुसत्या गोळ्यांवर भागलं, आता डॉक्टरांनी दुपारी जेवणाआधी इन्सुलिन टोचायला सांगितलंय. किती घ्यायचं ते त्या वेळच्या आकड्यावर. आकडा कमी तर थोडं, आकडा मोठा तर जास्त, असा एक कागद दिलाय. तो मी कारखान्यातल्या माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

मशीन वापरायला नर्सबाईंनी शिकवलं. दाराबाहेर पंधरा माणसं ताटकळत होती, त्यामुळे शिकवणी पाच मिनिटांत उरकली. तीन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या. बोट ओलं नको, पाणी लागलं की रक्त पातळ होतं आणि आकडा चुकतो, फडक्याला पुसा आणि टोचा. रोज एकच बोट धरा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. आणि दिवसातून एकदाच. सारखं टोचत बसलात तर घाबरून अर्धमेले व्हाल, असं म्हणाल्या.

आता बोट कुठलं, हा प्रश्न. मी उजव्या हाताची तर्जनी धरली. का ते सांगतो. मालकांनी थर्मामीटर आणून दहा वर्षं झाली, तरी जॅमची कढई कधी उतरवायची ते माझं हे बोटच ठरवतं. कालथ्यावरचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीने दाबायचा, सोडायचा, तार किती लांब येते ते बघायचं. सव्वीस वर्षं चटके खाऊन त्या बोटाची कातडी चपलेसारखी झालीय. सुई घुसली तरी त्याला पत्ता लागत नाही! दुसरी बोटं भित्री आहेत.

जॅम चाखायचं काम मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं. ते आता बरण्या भरणारी मावशी करते. मी फक्त तार बघतो. तेव्हा काळजी नको.

तुझा,
भोपळ्या

२० जानेवारी

भोपळ्या,

पत्र पोचलं. चपलेसारखं बोट वाचून मी तासभर तुझ्या लहानपणीच्या गोबऱ्या हातांचा विचार करत बसले होते. सुई टोचायची म्हटल्यावर पलंगाखाली जाऊन बसणारा तू, आता स्वतःच्या हाताने टोचून घेतोस! आई असती तर तिला खरं वाटलं नसतं.

नर्सबाई सांगतील तसं अगदी तसंच करायचं. स्वतःचं डोकं लावायचं नाही. वही घाल. तारीख, आकडा, किती इन्सुलिन घेतलं ते रोज लिही आणि महिन्याने मला उतरवून पाठव. पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, तुझ्या आकड्यांकडे मी बघते. डॉक्टरांना वेळ नसतो, मला भरपूर आहे.

आणि वेळेवर जेव.

तुझी ताई

२ मार्च

प्रिय ताई,

वहीची पानं उतरवून सोबत पाठवतोय. बघून तुझ्या तोंडचं पाणी पळेल, माझंही पळालंय. २४०, २८५, ३१०, ३०२. मला काही कळेनासं झालंय.

दर पंधरा दिवसांनी नर्सबाई वही बघतात, डॉक्टरांना दाखवतात, आणि इन्सुलिन थोडं वाढतं. पुढच्या पंधरा दिवसांत आकडा काही हलत नाही. मागच्या खेपेला त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, “काका, कामाला कुठे आहात?” मी म्हटलं, जॅमच्या कारखान्यात. त्या एवढंच म्हणाल्या, “हं.” शेजारी ही बसली होती. घरी आल्यावर हिने साखरेचा डबा कपाटात टाकून कुलूप लावलं.

मी काही खात नाही ग. चहा बिनसाखरेचा, डबा मोजका. वाढलेल्या इन्सुलिनचा उपयोग होत नाही तो नाहीच, उलट दुपारी तीनच्या सुमाराला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, आणि कुणी साधं काही विचारलं तरी मी वसकन अंगावर जातो. परवा बरणीवाल्या मावशीवर ओरडलो, नंतर वाईट वाटलं. नर्सबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, साखर वाढली की असंच होतं, डबा आणखी कमी करा. मी विचारलं, त्या वेळी एकदा मोजून बघू का? म्हणाल्या, एकदाच मोजायचं ठरलंय ना आपलं? मशीनच्या पट्ट्या वाया घालवू नका.

तूच सांग आता काय करू.

भोपळ्या

११ मार्च

भोपळ्या,

मी तुझे आकडे दोन रात्री घेऊन बसले. आधी तारखांप्रमाणे मांडले, काही हाती लागलं नाही. मग वारांप्रमाणे मांडले आणि लगेच हे पत्र लिहायला घेतलं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तुझा आकडा ११८, १२६, १२१. प्रत्येक सुट्टीला. आणि कामाच्या दिवशी तोच आकडा अडीचशे-तीनशे. एकही दिवस याला अपवाद नाही. मध्ये दोन दिवस तू तापाने घरी होतास, तेव्हाही आकडा चांगलाच. म्हणजे घरी बायकोच्या डोळ्यांसमोर असलास की तू बरा असतोस, आणि कारखान्यात कढईजवळ गेलास की बिघडतोस. यातून मी काय समजायचं?

तुझ्यावर ओरडायला मी हे लिहीत नाहीये. लहानपणी साखर चोरून खाल्लीस आणि तोंडाभोवती मुंग्या फिरत असताना “मी नाही” म्हणालास, तेव्हा मीच तुला पाठीशी घातलं होतं. पण आता आपण म्हातारे झालो. आकडा खोटं बोलत नाही रे बाळा. तुला मोह होतो हे कबूल कर, म्हणजे त्यावर काही उपाय करता येईल. मालकांशी बोलून दुसरं काम माग. तुझे पाय, तुझे डोळे मला शाबूत हवे आहेत. माझ्यामागे तू राहायला हवास, तुझ्यामागे मी नाही.

चुकलास तरी तू माझाच आहेस. फक्त खरं सांग.

ताई

१९ मार्च

प्रिय ताई,

खरं सांगायचं तर, हो. खातो. कढई उतरवताना एखादा चमचा जातो तोंडात. रोज.

हिलाही सांगितलं, नर्सबाईंनाही सांगितलं. आता बंद करतो.

भोपळ्या

२६ मार्च

माझ्या शहाण्या भोपळ्या,

शाबास! तुझं चार ओळींचं पत्र वाचून मला रडू आलं, पण ते आनंदाचं. कबूल करायला किती धीर लागतो ते मला ठाऊक आहे. वर्गात एक मुलगा उठून “बाई, मी केलं” म्हणाला की मी त्याला कधी शिक्षा केली नाही. आता सगळं मार्गी लागेल. वहिनीला सांग, कुलूप काढून टाक म्हणावं, आता गरज नाही.

पुढच्या पत्राबरोबर नवीन आकडे पाठव. उतरलेले असतील, माझी खात्री आहे.

ताई

१४ एप्रिल

ताईंना नमस्कार,

पत्र मी लिहितेय. ह्यांना बरं आहे, हे आधी सांगते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

मागच्या आठवड्यात हे कारखान्यात पडले. दुपारचे सव्वातीन झाले होते. कढईच्या काठावर वाकून तार बघत होते आणि तसेच पुढे कलंडायला लागले. बरणीवाल्या मावशींनी ॲप्रनच्या गाठीला धरून मागे खेचलं म्हणून. नाहीतर ताई, कढई उकळत होती. मला ते अजून नीट बोलता येत नाही.

मला निरोप आला, मी रिक्षाने धावत गेले. जाऊन बघते तर हे पोत्यावर टेकून बसलेले, घामाने निथळत, आणि तोंडाला जॅम. ओठांवर, हनुवटीवर, मिशीत. ताई, मला ह्यांची कीव यायला हवी होती, पण मला राग आला. घरी येईपर्यंत मी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नर्सबाईंना कळवलं, त्या म्हणाल्या, “बघा, सापडले ना? मोजणं चालू ठेवा आणि इन्सुलिन चुकवू नका.”

चार दिवस हे घरात होते. मोजायला तयारच होईनात. म्हणाले, “आता मी टोचून घेणार नाही. आकडा आला की माझ्यावर आळ येतो.” इन्सुलिनही घेईनात. मी ओरडले, विनवण्या केल्या, काही उपयोग नाही. मध्ये मावशी बघायला आल्या, त्यांनी सांगितलं की जॅम ह्यांनी खाल्ला नव्हता, त्यांनीच भरवला होता. त्यांच्या वडलांना असंच व्हायचं, गोड दिलं की ते शुद्धीवर यायचे. मी ऐकून घेतलं, पण मनात म्हटलं, साखर तीनशेवर असलेल्या माणसाला गोड खाऊन बरं कसं वाटेल? ह्यांना वाचवायला मावशी काहीतरी सांगताहेत.

परवा दुपारी मी मोरीपाशी ह्यांचा कारखान्यातला ॲप्रन घेऊन बसले होते. जॅम वाळून तो नुसता पत्रा झाला होता. भिजवायच्या आधी नखांनी खरवडत होते. हे दारात पाटावर बसले होते. साडेबारा वाजले, मोजायची वेळ झाली, हे काही हलेनात. मग मी म्हटलं, “बरं, आधी मी टोचून घेते. मग तर तुम्ही टोचाल? बघा, मी घाबरते का.” हात पदराला पुसले, ह्यांचं मशीन घेतलं, बोटाला सुई लावली.

आकडा आला २९४.

ताई, मी तो दोनदा वाचला. मला वाटलं, झालं, माझंही भरलं. ह्यांनी मशीन माझ्या हातातून घेतलं, आकडा बघितला आणि विचारलं, “तू काय खाल्लंस?”

मी म्हटलं, “अहो, खरंच काही खाल्लं नाही हो.”

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. मार्चपर्यंत मी हेच वाक्य ह्यांच्या तोंडून ऐकत होते. अगदी ह्याच आवाजात. एकदाही माझा विश्वास बसला नव्हता.

ह्यांनी तेवढ्यात माझा हात हातात घेतला. मला वाटलं धीर द्यायला. पण ह्यांनी माझं बोट माझ्याच अंगठ्यावर दाबलं, सोडलं, डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा दाबलं. आणि म्हणाले, “चिकटतंय. तार येतेय.” मग उठले, बादलीतलं पाणी घेतलं, साबण घेतला आणि माझी बोटं एकेक करून धुतली. लहान मुलाची धुतात तशी, नखांच्या आतूनसुद्धा. टॉवेलने कोरडी केली. दुसऱ्या बोटाला सुई लावली. ९६.

नंतर स्वतःचे हात धुतले आणि स्वतःचं मोजलं. १२४. इन्सुलिनशिवाय.

जे बोट दिवसभर जॅममध्ये, तेच बोट फडक्याला पुसून टोचत होते हो. हात धुवायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, उलट पाणी लावू नका म्हणून बजावलं होतं. आणि सुट्टीच्या दिवशी घरी आंघोळ झालेली, हात स्वच्छ. तो आकडा रक्ताचा नव्हताच. त्या आकड्यावर ह्यांनी तीन महिने इन्सुलिन टोचून घेतलं. घाम, थरथर, चिडचिड, ते सगळं साखर फार उतरल्यामुळे होत होतं. आणि आम्ही सगळे मिळून ह्यांचा डबा कमी करत होतो.

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी इन्सुलिन बंद केलंय, पहिल्या गोळ्या चालू केल्यात आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायला सांगितलीय.

तुमच्याकडून एक समजून घ्यायचं आहे. ह्यांनी मार्चमध्ये ‘खातो’ म्हणून का सांगितलं? मी विचारलं तर नुसतं हसतात. तुमच्याशी बोलतील.

तुमची वहिनी

२१ एप्रिल

माझ्या बाळा,

वहिनीचं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं नाही, मला वाचवेना.

मी पोरांना आयुष्यभर सांगत आले की उत्तर विचित्र आलं तर आधी मांडणी तपासा. तुझ्या बाबतीत सुट्टीचे आणि कामाचे आकडे मी स्वतः वेगळे काढले होते. सगळं माझ्यासमोर होतं. कामाच्या दिवशी काय वेगळं असतं, एवढाच प्रश्न मला विचारायचा होता. मी तो विचारलाच नाही, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. भोपळ्या साखर चोरतो. साठ वर्षांपूर्वीचं उत्तर.

आणि वर ‘शाबास’ लिहिलं. तू मला खोटं सांगितलंस ते मी मागितलं म्हणून. ‘फक्त खरं सांग’ असं लिहिलं होतं मी, आणि खरं तर तू आधीच सांगितलं होतंस.

वहिनी विचारते तेच मी विचारते. का रे कबूल केलंस? त्या कबुलीने तुझा जीव गेला असता. मला क्षमा करायची नसेल तर नको करूस, पण उत्तर दे.

ताई

६ मे

प्रिय ताई,

क्षमाबिमा काय लावलंयस! तू माझी मोठी बहीण, तुला रागवायचा अधिकार जन्मापासूनचा आहे. तपासणी आली, सरासरी उत्तम आहे. डॉक्टरांनी स्वतः उठून माझा हात हातात घेतला.

नर्सबाईंना मी भेटलो. आरडाओरडा करायचा असं ठरवून गेलो होतो. त्यांनी विचारलं, “काका, हात का नाही धुतलेत?” मी म्हटलं, “तुम्हीच नको म्हणालात.” बाईंचा चेहरा असा काही पडला की माझं सगळं भांडण जिरलं. मशीन विकायला आलेल्या माणसाने त्यांना उभ्याउभ्या जेवढं सांगितलं तेवढंच त्यांना माहीत होतं, ओलं बोट नको म्हणून. धुवा आणि मग कोरडं करा, हे तो म्हणाला नाही की बाईंनी ऐकलं नाही, कोण जाणे. बोटंही बदलायची असतात म्हणे, आणि घाम फुटला तर तेव्हाच मोजायचं असतं. आता त्यांच्या टेबलाशेजारी साबण आणि बादली आहे. माझ्यादेखत एका आजींचे हात त्यांनी स्वतः धुतले.

आता तुझा प्रश्न. का कबूल केलं?

दमलो होतो ग. ‘नाही खाल्लं’ म्हणून म्हणून तोंड दुखलं होतं. नाही म्हटलं की ही रडायची, नर्सबाई ‘हं’ करायच्या, तू दोन रात्री जागून आकडे मांडायचीस. ‘हो’ म्हटलं आणि घर शांत झालं. ही माझ्याशी पुन्हा गोड बोलायला लागली. तुझं शाबासकीचं पत्र आलं, ते मी खिशात घेऊन फिरत होतो. खरं बोललो तर बोलणी आणि खोटं बोललो तर लाड, असं झाल्यावर माणूस काय करेल? आणि एक सांगतो. शेवटी शेवटी मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. एवढी शहाणी माणसं म्हणतात, मशीन म्हणतं, तर खात असेन मी, मला आठवत नसेल. ताई, ते सगळ्यात वाईट होतं.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. मार्चपासून रोज संध्याकाळी मी कारखान्यातून आलो की ही दारातच मला थांबवून माझ्या तोंडाचा वास घ्यायची. मीच म्हटलं होतं, घे बाई, तुझी खात्री होऊ दे. दारात उभं राहून मी ‘आ’ करायचो. जिन्यातून शेजारी चढत-उतरत असायचे. मला त्याची सवय झाली होती.

परवा पहिल्यांदा कामावर जाऊन आलो. मालकांनी नळाजवळ माझ्यासाठी नवीन साबण ठेवलाय. दिवस छान गेला. दुपारी घाम नाही, काही नाही, मावशीशी चार विनोद केले. घरी आलो, हिने दार उघडलं, आणि मी सवयीने तिथेच उभा राहून तोंड उघडलं.

मग हिने दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली, हळूच माझं तोंड मिटवलं, आणि हात तिथेच ठेवून रडायला लागली. शेजारच्या बाई जिन्यात थबकल्या. मी म्हटलं, अग, लोक बघताहेत. ही म्हणाली, “बघू देत.”

तुझा,
भोपळ्या